पुन्हा मोज

(दहावी १९८९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सूत्रसंचालकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि मागच्या शेडमधून वांग्याच्या भाजीचा वास यायला लागला आहे. तेव्हा मी वेळ पाळणार, याची खात्री बाळगा.

मी जर्मनीत नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की माझी आई सांगायची, "तळ्यातला चिखल मोजते." आजवर माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुणी करून दिलेलं नाही. म्हणून आज चिखलाबद्दलच बोलते. कारण मागच्या पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर एका मित्राने मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याला मी तेव्हा नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला होता. त्याचं उत्तर मी देणं लागते.

झालं असं, की मी एक लेख ग्रुपवर टाकला. जर्मनीतल्या एका तळ्याच्या गाळावरून काढलेली तारीख सुमारे १३० वर्षांनी चुकली होती आणि ती आता दुरुस्त झाली, असा तो लेख. त्या वर्षी आपल्या मित्राने अंदाज ऐकून सोयाबीन पेरलं होतं. पाऊस आलाच नाही. दुबार पेरणी करावी लागली, बियाण्याचे पैसे दोनदा गेले. त्याने लिहिलं, "तुम्ही आधी एक आकडा सांगता, मग म्हणता तो नव्हे, हा. आम्ही कुणाच्या भरवशावर राहायचं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबून सुरू करावं लागेल. आपल्या लोणारच्या सहलीपासून.

आठवतंय ना? नववीत होतो. एसटीची गाडी ठरवली होती. गोमुखाच्या धारेखाली सगळ्यांनी डोकी भिजवली, मग विवरात उतरलो. तळ्याकाठी पाण्याचा तो उग्र वास, कमळजा मातेचं देऊळ, चिखलात रुतलेल्या चपला. सरांनी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं, की पूर्वी अनेकांना हे विवर ज्वालामुखीचं वाटायचं, पण ते उल्कापाताने झालेलं आहे. वय सुमारे ५०,००० वर्षं.

संध्याकाळी वर आल्यावर सरांनी मला विचारलं, "सगळे आले?" मी वर्गप्रतिनिधी. पाय दुखत होते, भूक लागली होती. मी म्हणाले, "हो सर, बावन्न पूर्ण." सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पुन्हा मोज."

मोजले. एक्कावन्न.

सर, आज पस्तीस वर्षांनी सगळ्यांसमोर सांगते. पहिल्या वेळी मी मोजलेच नव्हते. घोळक्याकडे नुसती नजर टाकली आणि आकडा सांगून मोकळी झाले. बावन्नावा मुलगा खाली देवळाच्या पायरीवर पाय मुरगळून बसला होता आणि अंधार पडत चालला होता. सर आणि गाडीचे कंडक्टर त्याला पाठुंगळी घेऊन वर आले. तो मुलगा आत्ता तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि ग्रुपवर तो प्रश्न विचारणाराही तोच आहे. भरवशाबद्दल विचारायचा हक्क त्याच्याइतका कुणाला असणार?

आता चिखलाकडे येते.

जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे 'मार' नावाची गोल तळी आहेत. जमिनीखालून वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, की पाण्याची एकदम वाफ होते आणि जमीन फुटून मोठा खड्डा पडतो. उंच डोंगर तयार होत नाही. भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल असं विवर तयार होतं आणि त्यात पाणी साठतं. 'मार' हा तिथल्या बोलीतला शब्द, मूळ लॅटिन, अर्थ समुद्र. आमच्या धंद्यात त्यातलं एक तळं फार महत्त्वाचं आहे, मेअरफेल्डर मार. त्याच्या विवरातच मेअरफेल्ड नावाचं छोटं गाव वसलेलं आहे.

या तळ्यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांच्यात गाळ शांतपणे बसतो. मोठी नदी येऊन ढवळत नाही. भोवती विवराची कड असते, वारा अडतो. तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे गाळ उकरणारे किडे तिथे जगत नाहीत. वसंतात पाण्यात डायटम नावाचं, काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ वाढतं, मरतं आणि तळाशी बसतं. मग पुढच्या महिन्यांत कुजलेल्या पानांचा आणि शेवाळाचा काळपट थर येतो. बर्फ वितळलं की त्या पाण्याबरोबर बारीक माती येते. असे दोन-तीन थर मिळून एक वर्ष होतं. वर्षाची जाडी साधारण मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. आपल्या आज्या चिरोट्याला पदर सोडायच्या, तसे वर्षावर वर्षाचे पापुद्रे.

असे पापुद्रे मोजून कालगणना करण्याची रीत स्वीडनच्या जेरार्ड डी गीर यांनी घालून दिली. १९१० साली स्टॉकहोमच्या भूविज्ञान परिषदेत त्यांनी मागच्या १२,००० वर्षांचा हिशोब मांडला होता. तो हिमनद्यांच्या पाण्याने आणलेल्या मातीच्या थरांवरचा होता. आम्ही तेच काम तळ्यात करतो. तळ्यावर तराफा नांगरायचा, तळात पोकळ नळी दाबायची, गाळाचा दंडगोल जसाच्या तसा वर आणायचा आणि तो उभा चिरायचा. मग त्याचे तुकडे गोठवून सुकवायचे, त्यांत राळ मुरवायची आणि घासून घासून इतकी पातळ चकती करायची, की तिच्यातून उजेड आरपार जाईल. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि मोजत बसायचं. एक, दोन, तीन. दिवसच्या दिवस.

आता ज्या तारखेवरून हा वाद झाला, तिची गोष्ट.

हिमयुग संपत आलं होतं. युरोप उबदार होत चालला होता, आयफेलमध्ये भूर्ज आणि पाइनची झाडं वाढली होती. आणि मग अचानक थंडी परत आली. ती सुमारे ११०० वर्षं टिकली. थंड माळावर उगवणाऱ्या ड्रायस नावाच्या फुलझाडावरून या काळाला 'यंगर ड्रायस' म्हणतात. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी अटलांटिक महासागरात शिरलं, उत्तरेकडे उष्णता नेणारं तिथलं अभिसरण मंदावलं, असं त्याचं कारण आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

२००८ साली आखिम ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेअरफेल्डर मारच्या गाळात या थंडीची सुरुवात शोधली. प्राणवायू नसलेल्या तळाशी बनणारे लोहक्षाराचे थर एका ठिकाणी एकदम थांबतात आणि वाऱ्याने ढवळलेल्या पाण्याच्या खुणा सुरू होतात. शरद ऋतूपासून वसंतापर्यंतची वादळं वाढली, वाऱ्यांची रीतच बदलली. आणि हे किती काळात झालं? एका वर्षातून दुसऱ्या वर्षात. एका पापुद्र्यात जुनं हवामान, पुढच्यात नवं. हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते. हवामान बदलायला हजारो वर्षं लागतात, असं आपण शाळेत शिकलो होतो.

त्यांनी तारीख दिली, आजपासून १२,६७९ वर्षांपूर्वी. या शास्त्रात 'आज' म्हणजे १९५०, तसा संकेत आहे.

त्याच गाळात जरा खाली राखेचा एक थर आहे. आयफेलमध्येच लाखर सी म्हणून एक ज्वालामुखी आहे, त्याच्या मोठ्या उद्रेकाची ही राख. ती उत्तर इटलीपासून बाल्टिक समुद्रापर्यंत सापडते. गाळाच्या हिशोबात तिचं वय १२,८८० वर्षं येत होतं. म्हणजे राख पडली आणि सुमारे २०० वर्षांनी वारा फिरला.

२०२१ साली दुसऱ्या एका गटाचं संशोधन आलं. त्यांनी त्या उद्रेकात गाडली गेलेली झाडं घेतली. त्यांच्या खोडांतली वर्तुळं मोजली, वर्तुळावर्तुळातला कार्बन तपासला आणि तो स्वित्झर्लंडच्या जुन्या झाडांशी जुळवला. उद्रेकाचं वर्ष निघालं १३,००६, त्यात ९ वर्षं इकडे किंवा तिकडे. म्हणजे आधीच्या आकड्यापेक्षा सव्वाशे वर्षं जुनं. राखेची तारीख सरकली, म्हणून वाऱ्याचीही सरकली. ती आता १२,८०७ मानतात, १२ वर्षं कमी किंवा जास्त.

मित्राने वाचला तो हाच लेख. आता तूच सांग, मोजणाऱ्यांनी गाळ चुकीचा मोजला होता का?

नीट बघ. १२,८८० मधून १२,६७९ वजा कर, २०१ उरतात. १३,००६ मधून १२,८०७ वजा कर, १९९. राख ते वारा, सुमारे २०० पापुद्रे, हे आधीही होतं आणि आजही आहे. एका वर्षात वारा फिरला, हेही तसंच आहे. बदलला तो फक्त त्यांचा पत्ता. गाळाची ही वही वरपासून खालपर्यंत सलग वाचता येत नाही. काही ठिकाणी पापुद्रे पुसट आहेत, तिथे दुसरी एखादी खूण धरून पुढे जावं लागतं. घोळ झाला तो अशा बांधणीत. आजोबा सांगायचे ना, "मोठा पूर आला, त्यानंतर वीस वर्षांनी ही विहीर खणली." पुढे कागदपत्रांत कळतं, की पूर आपण समजत होतो त्याच्या आधीच आला होता. मग विहिरीचं सालही मागे जातं. पण मधली वीस वर्षं खोटी ठरत नाहीत.

पण यातून मोठी उलथापालथ झाली, हे मी लपवणार नाही. जुन्या तारखांप्रमाणे ग्रीनलंडमध्ये थंडी आधी आली आणि जर्मनीत ती सुमारे १७० वर्षांनी पोहोचली, असं दिसत होतं. त्या उशिराचं स्पष्टीकरण देणारे चांगले लेख लिहिले गेले होते. नव्या तारखेने दोन्हीकडची थंडी जवळपास एकाच वेळी आली, असं ठरलं. लाखर सीच्या उद्रेकानेच ग्रीनलंडची थंडी सुरू केली, असंही काहींचं म्हणणं होतं. तेही या तारखेत बसत नाही, कारण उद्रेक खूपच आधी झालेला निघाला. लोकांची अनेक वर्षांची मेहनत पुन्हा तपासावी लागली. आणि तरी हे छापून आलं, जगासमोर आलं. कुणी तरी मोठ्याने 'पुन्हा मोजा' म्हणालं आणि बाकीच्यांनी ते ऐकलं.

हे किती अवघड असतं, ते मी स्वतः भोगलं आहे. माझ्या नोकरीची पहिली मुदत संपत आली होती. एका छोट्या मारच्या गाळाचा भाग मी मोजला, ४१२ वर्षं आली. आमच्यात नियम असा, की तोच भाग दुसऱ्याने, पहिल्याचा आकडा न पाहता मोजायचा. माझ्या सहकारिणीचे आले ४२७. पंधराचा फरक. अहवाल चार दिवसांनी द्यायचा होता. तिची वही माझ्या टेबलावर होती. माझ्या मोजणीत पंधरा पुसट रेघा 'सापडवणं' मला अजिबात जड नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.

त्या रात्री मला सूक्ष्मदर्शकात लोणारची संध्याकाळ दिसत होती, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण सरांचे ते दोन शब्द खरोखर कानात होते. मी मुदत वाढवून मागितली, बोलणी खाल्ली, आणि आम्ही दोघी शेजारी बसून पापुद्रा-पापुद्रा पुन्हा पाहिला. काही वर्षी डायटमचा बहर दोनदा आला होता, तिथे तिने एका वर्षाची दोन केली होती. एका जागी काठाचा गाळ घसरून आला होता, त्याखालची काही वर्षं मी ओलांडून गेले होते. दोघीही चुकलो होतो. शेवटी सहा रेघा अशा उरल्या, की त्या वर्षाच्या आहेत की नाहीत, हे ठरेना. त्या आम्ही लपवल्या नाहीत. आकड्यापुढे 'कमी-जास्त ६' असं लिहून दिलं.

सर, तुम्ही गणिताच्या वहीत खोडरबर वापरू द्यायचा नाहीत. चुकलेल्या ओळीवर एक रेघ, आणि खाली नव्याने. आम्हाला वाटायचं, वही घाण दिसते. आकड्यापुढचं ते 'कमी-जास्त' म्हणजे तीच रेघ आहे.

आता तुझ्या शेतापर्यंत येते, मित्रा.

आपलं लोणार हे मार नव्हे, पण ते ज्वालामुखीच्याच खडकात, दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेलं आहे. त्याच्या तळाशीही गाळाची वही आहे. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून १० मीटर लांबीचा गाळ काढला, त्यात सुमारे ११,००० वर्षांचा पावसाळा नोंदलेला आहे. पापुद्रे आयफेलइतके मोजण्याजोगे नाहीत. पण दोन ठिकाणी त्यात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले. तळं आटून पाणी फार खारट झालं, तरच ते तिथे तयार होतात. साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा एक काळ आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा. आपल्याच मातीत, शेकडो वर्षं मोसमी पाऊस दुबळा राहिलेला होता. दरवर्षी दुष्काळ असा याचा अर्थ नाही, पण चांगली वर्षं कमी आणि वाईट जास्त, असं ते पिढ्यानपिढ्या चाललं असणार.

आणि सर, लोणारचं वय. २०११ साली ते नव्याने काढलं गेलं. ५०,००० नव्हे, सुमारे ५,७०,००० वर्षं, कमी-जास्त ४७,०००. तुम्ही फळ्यावर लिहिलं ते तेव्हाचं ज्ञान होतं. तुम्हाला हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण सर्वांत जास्त आनंद तुम्हालाच होईल, हे मला ठाऊक आहे.

तर भरवसा कशावर ठेवायचा? पेरणी कोणत्या दिवशी करायची, हे माझा चिखल सांगू शकत नाही. सांगितलं तर ते न मोजता 'बावन्न पूर्ण' म्हणण्यासारखं होईल. पण दोन गोष्टी तो सांगतो. हवामानाची रीत एका माणसाच्या हयातीत, अगदी एका वर्षातसुद्धा फिरू शकते. ते पूर्वी घडलेलं आहे, तेव्हा 'आमच्याकडे असं कधी होत नाही' या वाक्यावर शेती करू नकोस. आणि दुसरं, जो आकडा सांगेल त्याला विचार, "कमी-जास्त किती?" जो उत्तर देईल, तो बदलला तरी भरवशाचा. ज्याच्याकडे उत्तरच नाही, त्याने बहुधा मोजलेलं नाही. हे मी अनुभवाने सांगते, कारण न मोजता सांगणारी मीच होते.

शेवटी एक मागणं. आपल्या तुकडीने शाळेला काय भेट द्यायची, याची चर्चा चालली आहे. फलक आणि घड्याळाबरोबर एक पर्जन्यमापक द्यावा, असं मी सुचवते. मैदानाच्या कोपऱ्यात, झाडांपासून लांब. रोज सकाळी साडेआठ वाजता दोन मुलांनी तो वाचायचा, एकमेकांचा आकडा न पाहता, आणि शाईने वहीत लिहायचा. चुकला तर रेघ मारायची, खोडायचं नाही. तीस-चाळीस वर्षांनी या गावच्या पावसाबद्दल बोलायला कुणाकडे तरी एक खरी वही असेल. पहिल्या वहीचा खर्च माझा. पहिल्या पावसाची नोंद मात्र तिसऱ्या रांगेतल्या मित्राने शाळेत येऊन करावी, अशी माझी विनंती आहे. तो मोजेल यावर माझा भरवसा आहे.

माझी वीस मिनिटं झाली, कमी-जास्त दोन. चला, जेवायला.